पट्टा पडायची वाट पाहू नका : ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या डोळ्यांसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार तालुक्यातल्या टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, गावं अर्धी रिकामी राहतात. मुलं मागे आजीजवळ, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. या मुलांत केराटोकोनसचे रुग्ण सापडू लागले आहेत. त्यांच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी आमची शाळा व्यवस्थापन समिती निधी गोळा करत आहे.

केराटोकोनसमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हळूहळू पातळ होतो आणि पुढे टोकदार येतो. बहुतेकदा सुरुवात बारा-तेरा ते विशीच्या दरम्यान होते. ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या आणि ते सतत चोळणाऱ्या मुलांना धोका जास्त. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिशीपुढच्या माणसांत याचं प्रमाण २.३ टक्के निघालं. त्या पाहणीचा निकष सैल होता असं काही तज्ज्ञ म्हणतात. निम्मं धरलं तरी शंभरात एक होतो, आणि आपल्याकडे या आजाराचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

आमच्या नववीतला एक मुलगा मान तिरकी करून, एक डोळा मिटून फळा वाचायचा. शिबिरात चष्मा मिळाला. काही महिन्यांत त्याने नीट दिसेनासं झालं, म्हणून दुसरा केला, तरी अक्षरामागे अक्षराची सावली दिसायचीच. रात्री समोरून मोटारसायकल आली की दिवा फाटलेला दिसतो, असं तो सांगायचा. घरच्यांनी मोबाईलला दोष दिला. आई-वडील हंगामावर, आजीला एसटीचा प्रवास झेपत नाही, तेव्हा दवाखाना पट्टा पडेपर्यंत लांबला. संभाजीनगरला यंत्रावर कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे त्याचा आकार आणि जाडी दाखवणारं चित्र, काढला तेव्हा उजव्या डोळ्यावर उपचाराची वेळ निघून गेली होती. डावा वाचला.

अशी पाळी कशी टाळता येते तेही सांगतो. आजार थांबवण्यासाठी सी-थ्री-आर नावाचा उपचार आहे. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास डोळ्यात टाकायचे आणि मग त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. मूळ पद्धतीत प्रकाशही अर्धाच तास. आता कमी वेळाच्या पद्धतीही आल्या आहेत. त्याने पडद्याला बळकटी येते आणि बहुतेक रुग्णांत आजार तिथेच थांबतो. गेलेली नजर मात्र परत येईलच असं नाही. नेहमीच्या पद्धतीसाठी पडदा निदान ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, जाड लागतो. निरोगी डोळ्यात तो साधारण ५४० असतो. ४०० च्या खाली गेला की पर्याय कमी होतात. मग कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स आणि शेवटी कॉर्नियाचं रोपण. लेन्स महाग, ती रोज स्वच्छ पाण्याने हात धुऊन घालायची. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, हे कसं जमायचं? रोपणानंतर तर वर्षानुवर्षं तपासण्या.

ज्याच्या घरी पैसा आणि सवड आहे त्याचा मुलगा नंबर वाढताच तज्ज्ञाकडे जातो आणि सी-थ्री-आरवर सुटतो. आपला मुलगा थेट रोपणाच्या रांगेत दिसतो. डोळ्यांचा आजार दोघांचा सारखाच. शाळेतल्या तपासणीत दूरचं दिसत नाही एवढं कळतं, चष्माही फुकट मिळतो, पण कॉर्नियाचा नकाशा काढायचं यंत्र तालुक्याला नाही. मोठ्या शहरात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. हंगामात तर खाडा धरला जातो आणि तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशेबात चढतो. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारूनच पुढे जाऊ, पण जीपचं भाडं आणि बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही. निधीतला मोठा वाटा यावरच जाईल. उरलेला कॉर्नियाच्या नकाशासाठी आणि ज्यांना दुसरीकडून मदत मिळत नाही त्यांच्या सी-थ्री-आरसाठी.

पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांवर आमची पहिली भिस्त आहे. रक्कम कितीही चालेल. चेक समितीच्या नावाने द्या, रोख दिली तर शाळेच्या कार्यालयातून पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. प्राप्तिकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पैसे नसतील तरी काम आहे. जीपवाल्यांनी महिन्यातून एक फेरी डिझेलच्या खर्चात करावी. चष्म्याच्या दुकानदारांनी, वर्षात दोनदा नंबर बदललेला किंवा सिलिंडर नंबर वाढत चाललेला मुलगा आला, तर नवा चष्मा विकण्याआधी त्याच्या घरच्यांना आमच्याकडे पाठवावं. मुकादमांना हात जोडून विनंती : मुलाच्या डोळ्यांसाठी आई किंवा बाप गावी आला तर त्याचा खाडा धरू नका. आणि गावात कुणी वारलं तर नेत्रदानाचा विषय काढायला लाजू नका. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून निरोप लगेच द्या.

पहिली तुकडी टोळ्या निघायच्या आत तपासून आणायची आहे. सी-थ्री-आरनंतर काही दिवस डोळा दुखतो, पाणी गळतं, धुळीपासून जपावं लागतं. तेवढे दिवस तरी आई घरी असावी. जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवू. मुलांची नावं मात्र वाचणार नाही.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती
तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड