सिग्नलने माणसेही मोजावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन निघाले होते. इंदूरच्या ए. बी. रोडवरच्या एका मोठ्या चौराह्यावर चालणाऱ्या माणसाची हिरवी आकृती उमटली, म्हणून आम्ही पाऊल टाकले. निम्मा रस्ता ओलांडेपर्यंत आकृती लाल झाली. आई माझा दंड घट्ट धरून दुभाजकाला टेकली, समोरून गाड्या सुटल्या. ती एवढेच म्हणाली, "अगं, मी फार हळू चालते का?" तो प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

घरी आल्यावर अंगणात दहा मीटर मोजून तिला चालायला लावले. तेरा सेकंद लागले. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असे धरतात. त्या हिशेबाने 24 मीटरचा रस्ता 20 सेकंदांत पार होतो. आईला 31 लागतील. वरचे 11 सेकंद तिने कुठे उभे राहायचे? या हिशेबात 78 वर्षांचे गुडघे कोणी धरलेलेच नाहीत.

शहरात स्मार्ट सिग्नलची चर्चा निघाली की भर असतो तो गाड्यांच्या रांगेवर. कॅमेरा रांग मोजतो, रांग लांबली की हिरवा दिवा लांबतो. पण काय मोजायचे हे यंत्राला आपणच शिकवतो. फक्त गाड्या मोजल्या तर कोपऱ्यावरची माणसे आणखीच ताटकळतात, शेवटी लाल दिव्यात घुसतात आणि वर बेशिस्त ठरतात.

हेच तंत्र माणसाच्या बाजूनेही वापरता येते. ब्रिटनमधल्या 'पफिन' क्रॉसिंगवर सेन्सर पट्ट्यांवरच्या माणसाकडे पाहतात आणि तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांचा लाल दिवा लांबवतात. सिंगापूरमध्ये 2009 पासून ज्येष्ठ नागरिक खांबावर आपले कार्ड टेकवतात आणि त्यांना काही सेकंद जास्त मिळतात. आपल्याकडे कार्ड नको, एक मोठे बटण आणि अंधांसाठी आवाज एवढ्यावरही सुरुवात होईल.

पण सेकंद कितीही वाढवले तरी आपल्या चौराह्यांवर एक अडचण उरतेच, ती डाव्या वळणाची. 'लेफ्ट टर्न फ्री' म्हणजे चालणाऱ्याला पूर्ण मोकळा असा एक क्षणही नाही. समोरच्या गाड्या थांबल्या तरी डावीकडून स्कूटर येतेच. माझ्या मते जिथे पायी वर्दळ आहे तिथे माणसांच्या हिरव्या दिव्यात डावे वळणही लालच हवे. वाहनचालक कुरकुरतील, मीही स्कूटर चालवते, पण तेवढे थांबता येते. याशिवाय चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या तीन-चार सेकंद आधी लावला तर ते वळणाऱ्या चालकाला आधीच रस्त्यावर दिसतात. त्याला फारसा खर्चही नाही.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये म्हटले. पण फुटपाथ कधीतरी चौराह्यापाशी संपतो, आणि खरी भीती तिथेच असते.

या रस्त्यावर 2013 मध्ये सुरू झालेली बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी मार्गिका, काढायला उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये परवानगी दिली. आता ए. बी. रोडची नवी मांडणी करताना पलासिया आणि गीताभवन चौराह्यांवर दुभाजकात निदान व्हीलचेअर मावेल इतकी थांबायची जागा ठेवावी. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या या शहराने ओला-सुका कचरा घराघरांत शिकवला, त्याला हे अवघड नाही.

संबंधित अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एकच विनंती: सेकंद ठरवण्यापूर्वी एकदा घड्याळ घेऊन एखाद्या आजीबरोबर तो रस्ता ओलांडून पाहावा. आई यायला तयार आहे.

आपली,
एक वाचक
रामबाग, इंदूर