गोठवलेले मांस निर्धोक नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धवट शिजलेल्या मांसातून होणाऱ्या गोलकृमींच्या संसर्गावरचा लेख कालच्या आरोग्य पुरवणीत वाचला. असा विषय घेतल्याबद्दल आपले आभार मानावेत, असे निम्मा लेख वाचेपर्यंत वाटत होते. परंतु ‘मांस काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवले की कृमी मरतात, मग काळजीचे कारण उरत नाही’ या वाक्यापाशी आलो आणि रात्री झोप लागली नाही. सबंध लेखातले वाचकांच्या लक्षात राहील ते हेच एक वाक्य, आणि नेमके तेच चुकीचे आहे.

हा संसर्ग करणाऱ्या ट्रायकिनेला या गोलकृमीची, डुकरात नेहमी आढळणारी स्पायरॅलिस ही जात, मांसाचे तुकडे 15 सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे असतील तर, उणे 15 अंश सेल्सिअसला 20 दिवसांत मरते. लेखातले विधान तेवढ्यापुरते खरे आहे. अस्वलासारख्या वन्य प्राण्यांत सापडणारी नेटिव्हा ही जात मात्र गोठवूनही जगते. 2022 मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटात एका कौटुंबिक मेळाव्यात कॅनडातून आणलेले काळ्या अस्वलाचे मांस शिजवले गेले. ते 45 दिवस गोठवलेले होते, तरीही सहा जण आजारी पडले. मांसाचा रंगच गडद असल्याने ते आतून कच्चे आहे हे वाढताना कोणाच्या लक्षात आले नाही. त्या सहांपैकी दोघांनी तर मांसाला हातही लावला नव्हता, त्याच्यासोबत शिजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. आपल्या लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितो, कारण माझ्या थोरल्या भावाने हे भोगले आहे. मित्रांबरोबर बाहेर गेला असता त्याने रानडुकराचे मांस खाल्ले. ‘महिनाभर फ्रीझरमध्ये होते, निर्धास्त खा,’ असे त्यालाही सांगण्यात आले होते. आधी चार दिवस पोट बिघडले, मग ताप चढला, आणि एके दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की त्याला डोळे उघडता येईनात. चहाचा कप उचलताना त्याचा हात थरथरत असे, आणि चावताना जबडा दुखतो म्हणून वहिनी त्याला भात कुस्करून भरवत असे. एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हटले, दुसऱ्यांनी विषाणूचा ताप. तीन आठवडे गेल्यावर एका तरुण निवासी डॉक्टरने रक्ताच्या अहवालातील इओसिनोफिल या, कृमींच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा वाढलेला आकडा पाहिला आणि विचारले, ‘‘गेल्या महिन्याभरात तुम्ही कुठले मांस खाल्ले होते का?’’ तोवर हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. या कृमी आतड्यात असतात तोवरच अल्बेंडाझोलसारखे औषध नीट लागू पडते. त्यांच्या अळ्या स्नायूंत शिरून वेटोळे घालून बसल्या की वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. भावाला पुन्हा जिना चढता येऊ लागेपर्यंत वर्ष उलटले.

म्हणून लेखात जे ठळक अक्षरांत हवे होते, ते येथे लिहितो. वन्य प्राण्याचे मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापमानाला पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचले की नाही हे रंगावरून न ठरवता थर्मामीटर सर्वांत जाड भागात खुपसून पाहिले पाहिजे. मीठ लावून, वाळवून किंवा धुरी देऊन या अळ्या मरतीलच याची खात्री नसते.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. ते गोलकृमीचे नसून फितीसारख्या लांब पट्टकृमीचे आहे. स्नायूतील ट्रायकिनेलाची अळी जेमतेम एक मिलिमीटरची असते. 1835 साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या वेळी स्नायूंत पांढरे ठिपके दिसले, तेव्हा कुठे तिचा शोध लागला. वाचक आपल्या ताटात हातभर लांबीची फीत शोधत राहिले, तर खरा धोका त्यांच्या नजरेलाही पडणार नाही.

या चुकांची दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत न छापता, पुढच्या आरोग्य पुरवणीत, लेख जेथे होता त्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना वाचक