सूचना : टूलच्या नावातून ‘कोअर’ जातंय

सर्व सभासदांना नमस्कार,

आपलं कोड तयार करणारं कमांड-लाइन टूल पुढच्या आवृत्तीपासून नव्या नावाने येईल. शेवटचं ‘कोअर’ काढलं, बाकी नाव तेच. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मची ‘डॉटनेट 5’ ही आवृत्ती आणताना ‘डॉटनेट कोअर’ या नावातून स्वतःच हा शब्द गाळला. जुन्या ‘डॉटनेट फ्रेमवर्क’च्या 4.x आवृत्त्यांशी गोंधळ नको म्हणून डॉटनेट कोअर 3.1 नंतर 4 हा आकडाही वगळला. वेबसाठीच्या एएसपी डॉटनेट कोअरच्या नावात मात्र तो शब्द अजून आहे, त्यामुळे सरसकट सगळीकडून ‘कोअर’ पुसत सुटू नका!

नुगेटवर (डॉटनेटची पॅकेजेस जिथून मिळतात तिथे) पॅकेजचं नाव बदलता येत नाही. म्हणून नवं पॅकेज वेगळं प्रकाशित होईल आणि जुन्यावर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारून नव्याकडे बोट दाखवलं जाईल. याचाच अर्थ, नेहमीची अपडेट कमांड तुम्हाला नव्या नावापर्यंत नेणार नाही. जुनं टूल आधी अनइन्स्टॉल करा, मग नवं घ्या. नाहीतर दोन्ही मशीनवर सुखाने नांदतील आणि कोणतं चालतंय ते कळणार नाही.

खरी मेख बिल्ड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट आपोआप तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. स्वतःच्या मशीनवर सगळं ठीक चालतं, सर्व्हरवर मात्र ‘कमांड सापडली नाही’. माझे दोन तास यातच गेले. दोष होता प्रोजेक्टच्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरमधल्या टूल-मॅनिफेस्टचा, म्हणजे प्रोजेक्टच्या टूल्सची यादी असलेल्या जेसन फाइलचा; त्यात जुनंच नाव होतं. ती जेसन फाइल आधी उघडून बघा.

जुन्या पॅकेजमध्ये यापुढे दुरुस्त्या होणार नाहीत. अडचण आली तर एररचा पूर्ण मजकूर पाठवा, नुसतं ‘चालत नाही’ नको.