फोनवर पुस्तकं चढवून देणाऱ्या अनामिकांचे आभार

फोनमध्ये ई-पुस्तक जात नाही म्हणून अडलेल्यांना नाव न सांगता उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. फोन चार्ज होतोय पण संगणकाला दिसत नाही, तर आधी केबल बदला, कारण काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. हे सांगणाऱ्यांनी कितीतरी धडधाकट फोन दुरुस्तीच्या दुकानापासून वाचवले असतील! केबल ठीक असेल, तर अँड्रॉइड फोनचं लॉक उघडून, वरची सूचनापट्टी खाली ओढून ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं.

ईपब हा ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार. ईपब फाइल म्हणजे आतून झिपच, अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं. म्हणून कधीकधी ती झिप म्हणून उतरते. फाइलच्या नावाचं ‘.zip’ हे शेपूट बदलून ‘.epub’ केलं की काम होतं. मात्र ती उघडून पुन्हा झिप करू नये. आतली, ‘हे ईपब आहे’ असं सांगणारी ‘माइमटाइप’ फाइल सर्वांत पहिली आणि कॉम्प्रेस न केलेली असावी लागते, नाहीतर काही अ‍ॅप पुस्तक नाकारतात.

मराठीचा घोळ वेगळाच. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ईपबमध्ये निव्वळ गिचमिड दिसतो. फोनमधला फॉन्ट बदलून उपयोग नाही. मजकूरच युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा, असं बजावणाऱ्यांना तर दंडवत.