कोकणातल्या शाळेला कोकणाचाच नकाशा हवा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सा. न. वि. वि.

मी कोकणातल्या एका वाडीत राहते, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. माझी मुलगी चौथीत आहे. एप्रिलच्या परीक्षेत ती मनगटाखाली रुमाल घेऊन लिहीत होती. नाहीतर घामाने कागद हाताला चिकटतो आणि अक्षर फिसकटतं. वर पत्रा, खिडक्या एकाच भिंतीला. पारा ३४ वर असला तरी आमचा उन्हाळा सौम्य समजू नका. हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही. अंगावरून वारा गेला तरच जिवाला बरं वाटतं.

आता नवी खोली मंजूर झाली आहे, पण बांधकामाचा नकाशा तोच, सगळीकडचा. देशावर जाड भिंती, लहान खिडक्या चालतात, कारण रात्री भिंत निवते. इथे रात्रही उबदारच. इथे समोरासमोर मोठ्या खिडक्या हव्यात, उंच छप्पर हवं आणि रुंद पडवी तर हवीच. पडवी नसली की जूनपासून झड आत येते, खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि भर दिवसा वर्गात अंधार होतो. त्यात पत्र्यावरचा पाऊस. बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही.

जुन्या कौलारू छपराचा माझा हट्ट नाही. माकडं कौलं फोडतात, परतायला माणूस मिळत नाही, आणि २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते आम्ही पाहिलंय. उतरता स्लॅब घाला आणि वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात करायचे तसं करा: स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, तिथे कौलं भरा. सिमेंट वाचतं, ऊनही कमी उतरतं. भिंतींना जांभा आहेच.

पाण्याचं तर फार वाईट वाटतं. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं ३० हजार जरी टाकीत साठलं, तरी मार्चमध्ये मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागणार नाही.

निविदा निघण्याआधी नकाशा समितीपुढे ठेवायला सांगा. आणि नव्या खोलीसाठी आवारातला फणस तोडायचं घाटतंय. मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्याच्या सावलीत जेवते. खोली आठ फूट सरकवली तर तो वाचतो. एवढं कृपा करून आखणी होण्याआधी कळवा.

आपली,
एक पालक