पिल्लं आणायच्या आधी खुराडं बांधा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर पोल्ट्रीचं जे काही येतं ते मी नेमानं वाचते, पण ते सगळं हजार-दोन हजार पक्ष्यांच्या शेडचं असतं, आमच्यासारख्या अंगणात पंचवीस-तीस पिल्लं वाढवणाऱ्या बायकांच्या कामाचं त्यात फार काही नसतं, म्हणून लिहितेय. आता सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की मोटरसायकलला जाळ्या बांधून पिल्लं विकणारे आमच्या दक्षिण सोलापूरच्या गावांत फिरायला लागतील आणि बऱ्याच घरांत नवी पिल्लं येतील. त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, पिल्लं आणायच्या आधी खुराडं बांधून ठेवा.

मागच्या वर्षी मी एका दिवसाची ३० पिल्लं घेतली. टीव्हीच्या मोठ्या खोक्यात बल्ब लावून ब्रूडर केला, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या अंगाजवळ ३३-३४ डिग्री ऊब ठेवली, मग दर आठवड्याला बल्ब वर घेत दोन-तीन डिग्री कमी करत गेले, सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा डोस दिला. पहिल्या महिन्यात फक्त दोन गेली. पाचव्या आठवड्यात पंख भरले आणि खोकं पुरेना, एकमेकांच्या अंगावर चढायला लागली, शेपटाची पिसं टोचून काढायला लागली, घरात वास आणि पिसांची धूळ वेगळीच. मग मालकांनी लिंबाखाली चार बांबू रोवले, चिकन जाळी गुंडाळली, वर पत्रा टाकला आणि दोन तासांत २८ पिल्लं बाहेर गेली.

पहिल्याच सकाळी ११ मेलेली. जाळी कुठं फाटली नव्हती, कडी जशीच्या तशी लागलेली होती. मांजरानं बाहेरूनच पंजा घालून जाळीला टेकून झोपलेली पिल्लं ओढली होती, एकाचा अख्खा पंख जाळीच्या भोकातून बाहेर आलेला आणि पिल्लू आतल्या बाजूला तसंच अडकलेलं. आणि समोरच्या कोपऱ्यात चार नुसती चपटी होऊन पडलेली, अंगावर एक जखम नाही, भिऊन सगळी एकावर एक चढली आणि खालची गुदमरली. माझी मुलगी ती चार हातात घेऊन चोळत बसली होती, ऊब दिली की उठतील म्हणून. ज्यांच्याकडून पिल्लं घेतली त्यांना फोन केला तर म्हणाले, महिन्याची झाली की मोकळीच सोडायची असतात. बल्ब, खाद्य, डोस सगळं सांगितलं होतं त्यांनी, पुढचं घर कसं पाहिजे ते तेवढं नाही सांगितलं.

आमच्या सासूबाई गावठी कोंबडी आणि तिची दहा पिल्लं डालग्याखाली झाकून आत घ्यायच्या, तिथं आई असायची, ती पिल्लांना पंखाखाली घ्यायची आणि नंतर दांडीवर चढायलाही तीच शिकवायची. ब्रूडरच्या पिल्लांना हे शिकवणारं कुणी नसतं, ती अंधार पडला की जमिनीवर कोपऱ्यात गोळा होऊन जाळीला टेकून झोपतात. म्हणून खालचा दोन फूट भाग बंदच पाहिजे. मी नंतर शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावले, आपल्याकडं कुठल्याही बांधकामावर पडलेले मिळतात, ते फूटभर जमिनीत गाडले म्हणजे कुत्रं, घूस उकरून आत येत नाही. त्याच्या वर अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोड पक्के केलेली ताठ लोखंडी जाळी. षटकोनी चिकन जाळी पिल्लं आत ठेवते पण कुत्र्याला अडवत नाही, तो दातानं फाडतो. चारी कोपऱ्यांत फळी तिरकी लावली, कोपराच ठेवला नाही. दिवसा मुंगूस आणि घार असते, त्यामुळं फिरायच्या जागेलाही वरून जाळी लागतेच.

जागा सहा आठवड्यांच्या पिल्लाला एक चौरस फूट चालते, पण तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीची कोंबडी, झाल्यावर दोन लागते, म्हणून २५ पक्ष्यांना दहा बाय पाच सुरुवातीलाच धरा.

दुसरी गोष्ट ऊन. यात्रेनंतर आणलेली पिल्लं बाहेर काढायची वेळ मार्चमध्ये येते आणि पुढं एप्रिल-मेला सोलापूरचं ऊन ४२ च्या वर जातं. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणं एवढंच तिच्या हातात असतं. आमचा पहिला पत्रा चार फुटांवर होता, दुपारी त्याखाली हात घातला तर तव्याजवळ धरल्यासारखं वाटायचं. आता मध्ये सात फूट उंची आहे, पत्र्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे ऊन लांब बाजूनं आत येत नाही, आणि पश्चिमेला गोणपाट, तो दुपारी ओला करते. दोन्ही लांब बाजूंना वरचा भाग जाळीचा, वारा आरपार गेला पाहिजे. पावसाळ्यासाठी खाली मुरमाचा फूटभर भराव आणि पत्रा दोन फूट बाहेर, कारण काळ्या मातीचा चिखल आत गेला की खाली अंथरलेला तूस ओला होतो आणि ओल्या तुसात रक्ती हगवण आलीच समजा. मी तुसाऐवजी शेंगांची टरफलं वापरते, तीन इंच, रोज हलवते.

पिल्लं घरातून खुराड्यात हलवताना पण घाई नको. आधी चार दिवस फक्त दिवसा बाहेर ठेवायची, मग रात्री, आणि पहिल्या तीन-चार रात्री एक बारका बल्ब आत असू द्या, अंधारालाच भितात ती. दांडी फूटभर उंचीवर, तिन्हीसांजेला हातानं उचलून एकेक बसवली, आठवडाभरात आपणहून चढायला लागली. लस आणि हलवणं एकाच दिवशी करू नका.

उरलेल्या १७ मधली एकही नंतर मांजरानं नेली नाही. सगळा खर्च, जुना पत्रा धरून, साडेसहा हजार आला.

तुम्हाला विनंती आहे की शेतीच्या पानावर २५ पक्ष्यांच्या खुराड्याचा मोजमापासहित एक नकाशा छापा, आणि तो या महिन्यातच, पिल्लं विकणारे यायच्या आत. माझ्या मुलीनं वहीत मापं टाकून एक काढलाय, सोबत पाठवतेय, उपयोग झाला तर बघा.

आपली एक वाचक,
दक्षिण सोलापूर