हवेचे पैसे घेतलेत, बाकीचे राहिले

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मोबाइल तुम्ही फक्त कानाला लावता, वाचायचं काम तुमच्या नातीचं, हे मला माहीत आहे. म्हणून तिलाच आधी सांगते : बाळा, हे आजोबांना एका दमात वाचून दाखव, मध्ये गिऱ्हाईक आलं तरी थांबू नकोस. दुकानावर येऊन बोलले असते तर "जाऊ द्या न जी ताई" म्हणत तुम्ही पाना उचलून कुणाच्यातरी चाकाखाली शिरला असता.

आणि हे सगळ्यांसमोर लिहायचं कारण असं, की आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, चार आयांनी मला विचारलं, "तुझ्या मुलाची फुटबॉल पार्टी कोणी अरेंज केली गं? नंबर दे ना." मी म्हटलं, खामल्याकडे जाताना कडुनिंबाखाली पंक्चरवाले काका बसतात, त्यांनी. चौघीही हसल्या. मी गंमत करते आहे असं वाटलं त्यांना.

काका, त्या दिवशी मी तुमच्याकडे हवा भरायला आले होते, सल्ला घ्यायला नाही. वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. ज्या पॅकेजवाल्यांना आम्ही ॲडव्हान्स दिला होता, त्यांनी आदल्या रात्री तारीख डबल बुक झाल्याचं सांगून हात वर केले होते. त्यांच्या पॅकेजात फुग्यांची कमान होती, माणसाच्या उंचीचा पुठ्ठ्याचा खेळाडू होता, फोटोसाठी हिरवा गालिचा होता. माझ्या पिशवीत नवाकोरा बॉल आणि डोक्यात त्या कमानीची काळजी. तुम्ही पंप मारता मारता सहज विचारलंत, "पोट्ट्यायले खेयाचं हाय का फोटो काढाचा हाय?"

खरं सांगू? राग आला होता मला. घरी जाईपर्यंत टिकलाही. रात्री यादी काढून बसले, तर पंधरा ओळींमध्ये बॉल एकदाच आला होता, आणि तोही केकवर.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन परत आले, तेव्हा तुम्ही आधी माझा बॉलच नापास केलात. पाच नंबरचा आहे, मोठ्या माणसांचा. ६८ ते ७० सेंटिमीटर घेर आणि चारशे ग्रॅमच्या वर वजन. सात-आठ वर्षांच्या पोराच्या पायाला तीन नंबरचा हवा, आणि तोही टणक नको. "दगडावानी भरला तं पोट्टं एक डाव लाथ मारते आन् मंग दिवसभर बॉलपासून दूर पयते." हवा किती, हे तुम्ही मीटरवर नाही दाखवलंत. शेजारच्या हातगाडीवरचं संत्रं उचललंत आणि माझा अंगठा त्यावर टेकवलात. साल जरा दबते, आतली फोड फुटत नाही. एवढीच हवा. मी नागपूरची, जन्मभर संत्री दाबून घेतलेली. मला कुणी हवेच्या दाबाचा पीएसआयमधला आकडा सांगितला असता तर कळला नसता.

मग म्हणालात, "एक बॉल आन् बावीस पोट्टे म्हंजे एकाच्या वाट्याले बॉल, एकवीसच्या वाट्याले धूय." बॉल वाढवायला हवेत हे पटलं, पण आणायचे कुठून? तुम्ही म्हणालात, विकत नका घेऊ, घरोघरी पलंगाखाली पाहा. ले-आउटच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि दोन दिवसांत अकरा मेलेले फुटबॉल गोळा झाले. एकात तर पालीची अंडी होती. त्यातले आठ तुम्ही जिवंत केलेत. सुई आत घालण्याआधी पाण्यात बुडवायची, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो, हे तेव्हा शिकले. दोन बॉलांची शिवण तुम्ही मेणाच्या दोऱ्यानं घातलीत. "कामठीचा हाय न मी," एवढंच म्हणालात. छावणीच्या गावात वाढलेल्या माणसाला बॉल शिवता येणारच, असा तुमचा एकूण सूर होता.

याच नागपुरात २००१ साली भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, हे मी कितीदा वाचलं आहे, लोकांना अभिमानानं सांगितलंही आहे. तरी ऑनलाइन साडेचार हजारांचे दोन गोलपोस्ट कार्टमध्ये टाकून बसले होते. तुम्ही ते काढायला लावलेत. प्लंबरकडच्या पाइपचे तुकडे, दोन पावलांचा गोल, आणि गोलकीपर नाही. का, तर लहान मुलं नेहमी त्यातल्या त्यात गुबगुबीत पोराला गोलात उभं करतात आणि तो बिचारा तासभर रिकामा उभा राहून घरी जातो. हे ऐकून माझा नवरा एकदम गप्प झाला. लहानपणी तोच गोलात असायचा.

नवऱ्याची बाकी मदत म्हणजे माहिती पुरवणे. पिवळं आणि लाल कार्ड १९७० च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपपासून आलं, आणि केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफरीला ती कल्पना गाडी चालवताना सिग्नल पाहून सुचली, हे त्यानं सांगितलं. त्यावरून मी निमंत्रणं पिवळ्या कार्डांवर केली. मागे लिहिलं, "यायचं म्हणजे यायचंच!" या वाक्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

केकचे आभार वेगळे. पार्टीच्या आदल्या रात्री साडेनऊला मी घरच्या कोपरात, म्हणजे गोल बुडाच्या खोलगट भांड्यात, केलेला अर्धगोल केक पुढ्यात घेऊन रडकुंडीला आले होते. चॉकलेटचे सहा कोनांचे काळे तुकडे कापले, पांढरेही सहा कोनांचेच कापले, आणि ते काही केल्या गोलावर बसेनात. कडा उचलल्या जात होत्या. तुम्ही दुकान बंद करत होतात. फोनवर ऐकून घेतलंत आणि नातीच्या हाती एक पत्र्याचा डबा पाठवलात. त्यात जुन्या बॉलांचे सुटलेले चामडी तुकडे. काळा पाच कोनांचा, पांढरा सहा कोनांचा. पाचवाल्याभोवती पाच सहावाले. अख्ख्या बॉलला बारा काळे, वीस पांढरे. सगळेच सहा कोनांचे घेतले तर फरशी होते, बॉल होत नाही, असा निरोपही होता. पाचाचा तुकडा घातला की तिथे कापड वाकतं म्हणे. मी बीएस्सी मॅथ्स आहे काका. लाज वाटली, पण मजाही वाटली. कोपराचा व्यास बावीस सेंटिमीटर, पाच नंबरच्या बॉलचाही जवळपास तेवढाच, त्यामुळे तुमचे तुकडे कागदावर ठेवून आखले आणि तसेच्या तसे बसले. वर एक काळा, त्याच्या पलीकडे गोलाकार पाच.

आणि मग तो रविवार. दव वाळू द्या, नऊच्या आधी नको, हे तुमचंच. चुन्याच्या रेघा नको, डोळ्यांत गेला तर पंचाईत, त्यापेक्षा रांगोळी, हेही तुमचंच. त्यामुळे सासूबाईंना काम मिळालं. खिळ्याला सुतळी बांधून त्यांनी मधलं वर्तुळ असं काढलं की कंपासनं निघणार नाही. पण हात थांबेना, म्हणून मधोमध आठ पाकळ्यांचं कमळही काढलं. शिट्टी वाजली तरी एकही पोर त्या कमळावर पाय द्यायला तयार नाही! तुम्ही बॉल अलगद कमळाच्या मध्यावर ठेवलात, सासूबाईंकडे पाहून म्हणालात, "माय, आता फूल वाहून झालं, खेयू द्या." त्या अजून हे सगळ्यांना सांगतात.

मला मात्र त्या दिवसातलं एकच दृश्य पुन्हा पुन्हा आठवतं. आमच्या चिरंजीवांनी बॉल काखेत धरला आणि जाहीर केलं, "बर्थडे माझा आहे, सगळ्या पेनल्ट्या मीच मारणार." सगळी मुलं माझ्याकडे पाहायला लागली. मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. "जाऊ दे रे, आजच्या दिवस" म्हटलं असतं. तुम्ही शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलंत. आमचंच निमंत्रण. त्याच्या बाजूनं अक्षरं दिसत होती, "यायचं म्हणजे यायचंच!", आणि तुम्ही त्याला बाहेर पाठवत होतात. दोन मिनिटं रेघेबाहेर. त्याचा ओठ थरथरायला लागला आणि मी पदर खोचून धावले. तुम्ही माझ्याकडे न बघताच हात आडवा केलात : "ताई, लाइनच्या आत नाही."

मी थांबले. दोन मिनिटं फार मोठी असतात हो. ती संपली, तो आत गेला, बॉल दुसऱ्याला दिला, आणि पाच मिनिटांत सगळं विसरला. ते कार्ड आता त्याच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो, "मला खरंखुरं यलो मिळालं होतं."

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. तुम्ही माझ्याकडे एकच मागणं केलं होतंत, दुकानामागच्या वस्तीतली पाच मुलं खेळायला येतील का? मी लगेच हो म्हटलं नाही. मनात रिटर्न गिफ्टं मोजली. तुम्हाला ते दिसलं असणार, पण तुम्ही चाक फिरवत राहिलात. मग मी हो म्हटलं, गिफ्टं वाढवली, आणि त्या पाचांत ती दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं चपलांच्या रांगेतून बॉल असा काढला की आमची क्लासला जाणारी मुलं तोंड उघडं ठेवून बघत राहिली. केक कापताना ती आलीच नाही. एकटीच लगोरीच्या थप्पीवर बॉल मारत होती. तिचा तुकडा तुम्ही डब्यात ठेवलात तो तिला मिळाला ना?

हाफटाइमला कोल्ड्रिंक नाही, संत्री, हेही तुम्हीच ठरवलं होतंत. सोललेल्या संत्र्यांची परात दहा मिनिटांत रिकामी. आलूबोंडे आईबापांनीच संपवले. पुठ्ठ्याचा खेळाडू कुठे आहे असं एकाही मुलानं विचारलं नाही.

रविवारची सकाळ म्हणजे तुमच्या धंद्याची वेळ. फुटाळ्याकडे जाणारे सायकलवाले तेव्हाच तर थांबतात. ते सोडून तुम्ही तीन तास आमच्या मैदानात उभे होतात. मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही त्यातून चाळीस रुपये मोजून घेतलेत. आठ बॉल, पाच रुपयांप्रमाणे. "हवेचे घेतो, बोलन्याचे नाही."

बोलण्याचे मी कसे देणार ते अजून सुचलेलं नाही. सध्या एवढंच : तुमची सुई आमच्याकडे राहिली आहे, तुकड्यांचा डबाही. शनिवारी दोन्ही घेऊन येते. सोबत तीन पोट्टे आणि चार बॉल असतील. हवा उतरली आहे.

तुमची,
संत्रं दाबून बॉल तपासणारी ताई